कोंबडी बेटाच्या उजव्या बाजूच्या एकतीस फांद्या

नाव: हिल्का राउटानेन, माहेरची सालोवारा. वय: ६४ वर्षे. धंदा: शाळेची बस चालवणे. राहणार: दक्षिण खाडी, मेरिडिथ सरोवर, उत्तर ऑन्टारिओ. तारीख २७ फेब्रुवारी २०१५, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. लिहून घेणार: कॉन्स्टेबल बुशार्ड.

मला कोणी बोलावलेलं नाही. मी आपल्या पायांनी ठाण्यात आले असून समक्ष सांगते की, माझा थोरला भाऊ ऑस्मो सालोवारा, वय ७३, हा शनिवारी ता. २१ रोजी दुपारी पावणेबाराच्या सुमारास सरोवरावरचा बर्फ फुटून स्नोमोबाइल गाडीसकट पाण्यात गेला. तो जिवंत आहे. बर्फ फुटला त्यात त्याची चूक नव्हती, एवढं सरकारी कागदावर लिहिलं जावं म्हणून हा जबाब देत आहे. मला भरपाई नको आहे, हेही आधीच लिहून घ्या, कारण गावात तसं बोललं जातंय.

आमच्या गावापासून ट्राउटच्या खडकापर्यंत बर्फावरून साडेपाच मैल पडतात. खडक पाण्याखाली आहे. हिवाळ्यात मोठे ट्राउट मासे त्याच्याच आसपास असतात, आणि आमच्या माणसांच्या चार झोपड्या दर वर्षी तिथे बर्फावर उभ्या राहतात. तिकडे जायची वाट म्हणजे दर साठ पावलांवर बर्फात उभी रोवलेली स्प्रूसची एक फांदी. वारा सुटला आणि बर्फ उडायला लागला की समोरचा हात दिसत नाही, पण पुढची फांदी कशीबशी दिसते. एका फांदीवरून दुसरीवर, असं करत माणूस घरी पोचतो. माझे वडील या फांद्या लावत. ते गेल्यावर गेली एक्केचाळीस वर्षं ऑस्मो लावतो. त्याबद्दल त्याला कोणी काही देत नाही आणि तो घेणारही नाही.

विचारल्यावरून सांगते की, फांदी रोवायची त्याची पद्धत अशी. फांदीचा बुंधा कुऱ्हाडीने दोन घावांत तिरका तोडतो. हाताच्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडतो, फांदी उभी करतो, भोवती ओला भुगा दाबतो आणि वर एक डाव पाणी ओततो. पाणी गोठलं की ती फांदी मार्च संपेपर्यंत बैलाला ओढून निघणार नाही. दर पाचव्या फांदीला लाल लोकर बांधलेली असते. ती मी बांधते, आदल्या दिवशी त्याच्या अंगणात बसून. ते काम आधी आईचं होतं, गाठही तिचीच.

वाटेच्या मध्यावर कोंबडी बेट आहे. बेटाच्या डावीकडे ते आणि पश्चिम किनारा यांच्यामध्ये पाणी अरुंद होतं. त्याला आम्ही चिंचोळी म्हणतो. तिथे खालून ओढ असते. कडाक्याच्या थंडीत तिथला बर्फही जाड दिसतो, पण जरा हवा नरमली की ओढ त्याला खालून खाते आणि वरून काही कळत नाही. म्हणून वाट नेहमी बेटाच्या उजवीकडून जाते. अर्धा मैल जास्त पडतो. माझ्या आठवणीत एकाही हिवाळ्यात ती डावीकडून गेलेली नाही.

यंदा ऑस्मोने १० आणि ११ जानेवारीला फांद्या लावल्या. एकट्याने. कोणी मदतीला आलेलं त्याला चालत नाही. २० तारखेला शहरात त्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर वाऱ्यात जाऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून २१ फेब्रुवारीपर्यंत तो बर्फावर गेला नाही. या अवधीत गावातले पाच-सहा जण खडकावर जाऊन आले. येऊन म्हणाले, यंदा ऑस्मोने जवळची वाट काढली. हे ते एकमेकांत म्हणाले. ऑस्मोला कोणी बोललं नाही, कारण फांद्या लावणाऱ्याला फांद्यांबद्दल विचारायची आमच्यात रीत नाही. त्याने लावल्या म्हणजे बरोबर आहेत, संपलं.

शनिवारी सकाळपासून वारा होता, उणे चोवीस. महिना संपला म्हणून ऑस्मो घरात थांबेना. मी फोनवर म्हटलं, उद्या जा. तो म्हणाला, "अगं, फांद्या आहेत की. माझ्याच आहेत." साडेअकराला निघाला. बेटापाशी समोरचं काही दिसेनासं झालं, तेव्हा तो फांद्या धरून चालला. लाल लोकर लागली, माझी गाठ लागली, पुढे गेला. पाण्यात पडेपर्यंत आपण चिंचोळीवर आहोत हे त्याला कळलं नाही.

आमच्याकडे बर्फावर जाणारा प्रत्येक जण गळ्यात लाकडी मुठीचे दोन खिळे अडकवतो. ते बर्फात ठोकून तो स्वतःला ओढत बाहेर आला. हातमोजे पाण्यात गेले होते. पश्चिम किनाऱ्यावर डेल्बर्ट काबातेय राहतो, सापळे लावून जनावरं धरतो. त्याची कुत्री भुंकायला लागली म्हणून तो बाहेर आला, तर साडेबाराच्या सुमारास ऑस्मो उघड्या हातांनी किनाऱ्याने चालत येताना दिसला. चालत कसला, झाडांना धडकत. डेल्बर्टने त्याला आत घेतलं, कपडे कापून काढले, आणि दवाखान्याची गाडी रस्त्यावर येईपर्यंत स्वतःच्या अंगाशी धरून ठेवलं. डेल्बर्टचा जबाब वेगळा घ्यावा. तो फार बोलत नाही, पण जे बोलतो ते खरं असतं.

रविवारी ता. २२ ला मी शहरातल्या इस्पितळात होते. डाव्या हाताची तीन बोटं आणि उजव्या हाताची दोन बोटं काढली होती. दोन्ही हात पट्ट्यांत होते. मी त्याला खीर भरवली. तो म्हणाला, "हिल्का, गिरमिट डेल्बर्टला देऊन टाक."

मी म्हटलं, "पाच बोटं राहिलीत. बाबांना शेवटी तेवढंही बळ नव्हतं, तरी लावायचे."

"बोटांचं नाही गं. मला आठवतंय मी उजवीकडून लावल्या. बेटाच्या टोकाशी बसून कॉफी प्यायलो, तेही आठवतंय. पण फांद्या डावीकडे होत्या. मग मला जे आठवतंय ते काय आहे?" मी त्याच्या हनुवटीवरची खीर पुसली. तो म्हणाला, "डोकं गेलं माझं. आणि त्या वाटेने महिनाभर लोक गेले. कोणाची पोरं बुडाली असती तर?"

माझ्या भावाला मी त्र्याहत्तर वर्षांत रडताना पाहिलेलं नाही, म्हणजे माझ्या चौसष्ट. रविवारी पाहिलं. हात पट्ट्यांत असल्याने त्याला डोळे पुसता येत नव्हते. हे लिहायची गरज आहे का असं कॉन्स्टेबल विचारतात. आहे.

सोमवारी ता. २३ ला सकाळी शाळेची फेरी झाल्यावर मी बसमध्ये डिझेल भरायला थांबले. तिथे रॉस डेलाहंट भेटला. त्याचं खाडीच्या पूर्वेला लॉज आहे. अकरा वर्षं झाली त्याला इथे येऊन. दक्षिणेकडून शौकीन लोक येतात, त्यांना तो ट्राउट धरायला नेतो. त्याने ऑस्मोची चौकशी केली. मग म्हणाला, "वय झालंय गं त्याचं. त्यात डोळ्याचं ऑपरेशन. सत्तरीनंतर माणसाने शेकोटीपाशी बसावं. फांद्याबिंद्या आता कोणा तरण्यावर सोपवा."

मी म्हटलं, "तू कुठून जातोस हल्ली खडकावर?"

तो म्हणाला, "मी? दहा तारखेपासून बेटाच्या उजवीकडून नेतो माणसं. ती हवा नरमली होती ना आठवडाभर, तेव्हा चिंचोळीचा बर्फ करकरून बोलायला लागला होता. माझ्याकडे वाट दाखवणारं यंत्र आहे, मला फांद्यांची गरज नाही."

"बर्फ बोलायला लागला हे तू कोणाला बोललास?"

"कोणाला बोलू? फांद्या माझ्या आहेत का?"

हे शब्द असेच्या असे लिहावेत. फांद्या माझ्या आहेत का. तेव्हा मला अजून काही माहीत नव्हतं, तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा तारखेपासून एकवीसपर्यंत अकरा दिवस होतात. या अकरा दिवसांत हा माणूस गावच्या दुकानात चार वेळा आला. दुकानातल्या बाईंना विचारून मी खात्री केलेली आहे. चार वेळा आला आणि सिगारेटी, अंडी घेऊन गेला.

ऑस्मोने आठवतंय म्हटलेलं माझ्या डोक्यातून जाईना. मंगळवारी ता. २४ ला मी बसवर बदली माणूस दिला आणि डेल्बर्टला घेऊन कोंबडी बेटाच्या उजव्या बाजूला गेले. बरोबर खराटा, फावडं आणि गिरमिट घेतलं. जिथून वाट डावीकडे वळवलेली होती, त्या शेवटच्या जुन्या फांदीपासून मी उजवीकडे साठ पावलं मोजली. माझी पावलं लहान, म्हणून डेल्बर्ट म्हणाला, "तुझी सत्तर मोज, त्याची साठ होतील." सत्तर मोजली. डेल्बर्टने भुसभुशीत बर्फ बाजूला केला, मी खराट्याने झाडलं. तिसऱ्या झाडणीला खुंट दिसला. स्प्रूसचा, मनगटाएवढा, बर्फाशी सपाट करवतीने कापलेला. भोवती डावभर पाणी गोठल्याची काचेसारखी चकती होती.

डेल्बर्ट गुडघ्यावर बसला आणि त्याने नुसता हात ठेवला त्याच्यावर. मग म्हणाला, "चल, पुढचा बघू."

आम्ही साडेनऊला सुरुवात केली आणि दोनला संपवलं. प्रत्येक साठ पावलांना खुंट. एकतीस खुंट. एकही चुकीच्या जागी नाही. मधला एक आम्ही गिरमिटाने भोवतीचा बर्फ पोखरून अख्खा बाहेर काढला. खालचं टोक कुऱ्हाडीने दोन घावांत तिरकं तोडलेलं. तो खुंट या पिशवीत आणला आहे, जमा करून घ्यावा. बाकीचे तीस जागेवर आहेत. बर्फ वितळायच्या आत कोणीतरी जाऊन बघावेत, एप्रिलमध्ये पुरावा पाण्यात जाईल.

परत येताना आम्ही चिंचोळीच्या अलीकडे दोन फांद्या फुली मारून रोवल्या. इकडे येऊ नये असा त्याचा अर्थ आमच्याकडे लहान मुलालाही कळतो. तिथल्या डावीकडच्या फांद्याही लांबूनच दुर्बिणीने पाहिल्या. लोकरीच्या सहा होत्या. लोकर माझी, फांद्या ऑस्मोच्या, जागा डेलाहंटची.

जवळची वाट हवी असते ती गिऱ्हाइकं नेणाऱ्याला, म्हणून बुधवारी ता. २५ ला दुपारी चार वाजता मी त्याच्या लॉजवर गेले. तो तीन पाहुण्यांबरोबर जेवणाच्या टेबलाशी बसला होता. एक पाहुणा ओहायोकडचा दंतवैद्य आहे, त्याचं नावगाव मी घेतलेलं आहे, साक्षीला उपयोगी पडेल. मी पिशवीतून खुंट काढला आणि टेबलावर ठेवला. विचारलं, "हा कोणी कापला?"

डेलाहंटने खुंटाकडे पाहिलं. नाही म्हणाला नाही, हे मला मान्य करायला हवं. म्हणाला, "मीच. चौदा जानेवारीला. तेव्हा चिंचोळीवर चौदा इंच बर्फ होता हिल्का, ट्रक गेला असता. माझी गिऱ्हाइकं तासभर थंडीत कुडकुडतात, अर्धा मैल वाचत होता. फांद्या उपटायला गेलो तर निघेनात, म्हणून कापल्या. सगळ्यांची सोयच केली की."

"ऑस्मोला सांगितलंस?"

"त्याचं डोळ्याचं चाललं होतं."

"त्याचं वीस तारखेला होतं. चौदाला तो घरात बसून जाळं विणत होता. तुझ्या लॉजवरून त्याचं धुराडं दिसतं."

त्याने खुंट टेबलाच्या कडेला सरकवला. मी म्हटलं, "बरं, तेव्हा बर्फ जाड होता. दहा फेब्रुवारीला तू स्वतः ती वाट सोडलीस. तेव्हा फांद्या परत का नाही लावल्यास? निदान दोन फांद्यांची फुली तरी मारायचीस. दहा मिनिटांचं काम."

"राहून गेलं," तो म्हणाला. "आणि खरं सांगू, तुमच्या त्या फांद्या हल्ली बघतो कोण? मला वाटलं नुसती जुनी हौस आहे."

"सोमवारी डिझेलपाशी मला म्हणालास, ऑस्मोचं वय झालंय. तेव्हा तुला सगळं माहीत होतं."

तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हे बघ, पाहुण्यांसमोर तमाशा नको. सरोवर काही तुमच्या बापाचं नाही."

सरोवर आमच्या बापाचं नाही, हे खरं आहे. फांद्या मात्र आमच्या बापाच्या होत्या. दंतवैद्याने त्या वेळी जेवण थांबवलं आणि डेलाहंटला विचारलं, "म्हणजे जानेवारीत आम्ही ज्या वाटेने गेलो ती हीच का?" डेलाहंट त्याला आणखी सूप वाढायला लागला. त्यानंतर त्याचं वाट दाखवणारं यंत्र टेबलावरून सूपच्या भांड्यात पडलं.

विचारल्यावरून सांगते की, यंत्र पडलं नाही, मी टाकलं. सूप गरम होतं. डेलाहंटने त्याबद्दल या ठाण्यात तक्रार दिल्याचं मला बाहेरच्या बाकावर बसल्यावर समजलं. त्याची ती तक्रार खरी आहे आणि त्यासाठी जे काही असेल ते मी भोगीन. पण त्याची तक्रार दोन दिवसांत नोंदवली गेली आणि माझा भाऊ पाण्यात पडल्याला आज सहा दिवस झाले, तरी 'वृद्ध इसमाची वाट चुकून अपघात' एवढीच ओळ तुमच्या वहीत आहे. ती ओळ मी बाकावरून उलटी वाचली. ती खोडावी. वृद्ध आहे. वाट चुकलेला नाही.

यापुढचं मला कोणी विचारलेलं नाही. गुरुवारी ता. १९ ला, म्हणजे ऑस्मो पडायच्या दोन दिवस आधी, मी स्वतः खडकावर गेले होते. यंदाची माझी पहिलीच खेप. गुडघा दुखत होता म्हणून आधी जमलं नव्हतं. ऊन होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. बेटापाशी फांद्या डावीकडे जाताना मी पाहिल्या. गाडी थांबवली. दहा मिनिटं तरी तिथे उभी होते. मग मी फांद्या सोडून, सवयीने, उजवीकडून गेले आणि तशीच परत आले. संध्याकाळी ऑस्मोकडे सॉना, म्हणजे वाफेची अंघोळ, होती. नंतर कॉफी झाली, वेलदोड्याचा पाव झाला. विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. पण नोव्हेंबरात मी चार माणसांत त्याला म्हटलं होतं की यंदा फांद्यांना डेल्बर्टला बरोबर घे, आणि तो दोन आठवडे माझ्याशी बोलला नव्हता. पुन्हा ते नको म्हणून तोंड उघडलं नाही.

हेही सगळं खरं नाही. रुसेल म्हणून गप्प बसले, हे निम्मं. उरलेलं निम्मं असं की, मलाही वाटलं, म्हातारा चुकला. एक्केचाळीस वर्षं त्याच्या फांद्यांवर डोळे झाकून चाललेली मी, आणि मला वाटलं, चुकला. डेलाहंटच्या मनात ते आलं असेल असं मी म्हणत नाही, त्याला खरं ठाऊक होतं. गावाला वाटलं ते ऑस्मो पडल्यावर. मला मात्र तो पडायच्या आधी वाटलं, आणि तरी मी त्याला शनिवारी फोनवर नुसतं "उद्या जा" म्हटलं. का, ते सांगितलं नाही. डेलाहंट दुकानात चार वेळा येऊन गप्प राहिला. मी ऑस्मोच्या स्वयंपाकघरात एकदा.

कॉन्स्टेबल म्हणतात, "मिसेस राउटानेन, हा मजकूर तक्रारीला लागत नाही. उलट त्यांचा वकील तो तुमच्यावरच उलटवील. काढून टाकतो." काढू नये. मी विचार करून सांगितलेलं आहे.

गिरमिट मी डेल्बर्टला द्यायला गेले होते. त्याने हात मागे घेतले. म्हणाला, "ज्याचं आहे त्याला विचार, त्याने खुंट बघितलेत का." सध्या ते माझ्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या खुर्चीमागे आहे.

इथवरचा मजकूर कॉन्स्टेबल बुशार्ड यांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात माझ्या पदरचं काही घातलेलं नाही आणि पोटात काही ठेवलेलं नाही. एक दुरुस्ती सांगितली, ती करून घेतली: जिथे जिथे 'सदर जखमी इसम' असं लिहिलं होतं, तिथे ऑस्मो सालोवारा असं नाव घातलं. याची एक प्रत मला आजच हवी आहे, इथून मी तडक इस्पितळात जाणार आहे. त्याचा डोळा आता चांगला झालाय, चष्म्याशिवाय वाचता येतं, पण पट्ट्यांमुळे कागद धरता येत नाही. तेव्हा पानं मी धरीन आणि तो स्वतः वाचील, गुरुवारच्या मजकुरासकट.

सही: हिल्का राउटानेन